जपानी कोश आणि आपली वर्णमाला

सकाळी मुलुंडहून किंवा बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला दोन्ही हात मोकळे मिळत नाहीत. एका हाताने वरची कडी धरावयाची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर जे काही जमेल ते करावयाचे, अशी त्याची अवस्था असते. या गर्दीत हल्ली जपानी शिकणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. कोणी अंधेरीच्या सीप्झमध्ये जपानी गिऱ्हाइकाचे काम करतो, कोणी जुलै-डिसेंबरात होणाऱ्या परीक्षेच्या तयारीत असतो, तर कोणाला तिकडे नोकरीसाठी जावयाचे असते. आम्ही चार-पाच जणांनी मिळून अशा विद्यार्थ्यासाठी कोशाचे एक साधे ॲप बांधावयास घेतले. जपानी शब्द शोधावा आणि त्याचा अर्थ मराठीत मिळावा, एवढाच त्याचा संकल्प. सहा महिन्यांत उरकेल अशी समजूत होती. त्याला आता तिसरे वर्ष लागले आहे.

उशीर का झाला याचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात जाऊन पडलो. शब्द कोणत्या क्रमाने लावावेत, परक्या भाषेचा उच्चार आपल्या अक्षरांत कसा दाखवावा, अर्थ एका शब्दात द्यावा की समजावून सांगावा, हे आमच्यापुढचे प्रश्न नवे असतील असे वाटले होते. ते पावणेपाचशे वर्षांपूर्वीचे निघाले, आणि त्यांतला पहिला तर आपल्या शेजारी, गोव्यातच उपस्थित झालेला होता. आज त्या इतिहासाविषयीच बोलावयाचे आहे. यंत्राची माहिती त्यात ओघाने येईल तेवढीच.

जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा गावचा अंजिरो नावाचा एक मनुष्य हातून हत्या घडल्यामुळे पोर्तुगीज जहाजावर चढून पळाला. १५४७ साली मलाक्का बंदरात त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली आणि १५४८ च्या मार्चात तो गोव्यास पोहोचला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचा बाप्तिस्मा होऊन पाउलो द सांता फे असे त्याचे नाव ठेवण्यात आले. सेंट पॉल कॉलेजात तो पोर्तुगीज शिकला. तेथील निकोलो लान्चिलोत्तो या पाद्र्याने त्याला समोर बसवून जपान देशाची, तेथील लोकांची व धर्माची माहिती त्याच्या तोंडून उतरवून घेतली. झेवियरने त्याला एकदा विचारले की, तुम्ही लोक आमच्यासारखे आडवे का लिहीत नाही? अंजिरोने उलट विचारले की, तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, तेव्हा लिहिणेही वरून खाली जावयास हवे. झेवियरने हा प्रसंग आपल्या पत्रात नमूद केला आहे. परक्या लिपीला विचित्र म्हणणाऱ्याला इतके सरळ उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तथापि अंजिरोच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि कोशाच्या इतिहासात आम्हाला ती अत्यंत महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती धर्मातील परमेश्वराला जपानीत काय म्हणतात, असे त्याला विचारण्यात आले. तो शास्त्री नव्हता, पढिक नव्हता. त्याला ठाऊक असलेल्या शब्दांत सर्वांत मोठा वाटला तो त्याने दिला : दाइनिचि. १५४९ च्या ऑगस्टात झेवियर त्याच्यासह कागोशिमास उतरला आणि दाइनिचीची उपासना करा असा उपदेश करीत हिंडू लागला. शिंगोन पंथाच्या बौद्ध भिक्षूंनी त्याचे आनंदाने स्वागत केले, कारण दाइनिचि हे त्यांच्याच महावैरोचन बुद्धाचे नाव. हा पाहुणा हिंदुस्थानातून आलेला, आणि तो आपल्याच देवतेचे नाव घेतो, मग त्यांना आनंद का होऊ नये? दोन वर्षांनी, १५५१ च्या सुमारास, झेवियरच्या ध्यानात खरा प्रकार आला. तेव्हा त्याने तो शब्द टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्दच वापरावयास आरंभ केला. जपानी तोंडात त्याचे ‘देउसु’ झाले, आणि विरोधकांनी त्यावर ‘दाइ उसो’, म्हणजे ‘मोठी थाप’, अशी कोटी केली.

एका शब्दापुढे एक शब्द मांडला की अर्थ झाला, हा समज किती महागात पडतो याचे याहून ठळक उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. अंजिरोला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे कोशच नव्हता. तोच कोश होता.

पुढच्या पन्नास वर्षांत ही उणीव भरून निघाली आणि तिच्या भरपाईतही गोव्याचा वाटा आहे. १५८२ साली नागासाकीहून चार जपानी तरुणांचे शिष्टमंडळ युरोपला गेले. परतीच्या वाटेवर १५८७ साली ते गोव्यास उतरले. त्यांच्यापैकी हारा मार्तिनो याने तेथे लॅटिनमध्ये भाषण केले आणि १५८८ साली ते गोव्यात छापण्यात आले. युरोपहून त्यांच्याबरोबर निघालेले छापखान्याचे साहित्य गोवा-मकावमार्गे १५९० साली जपानात पोहोचले. त्या छापखान्यातून १६०३ साली नागासाकीस जपानी-पोर्तुगीज कोश बाहेर पडला आणि पुढल्या वर्षी त्याची पुरवणी निघाली. दोन्ही मिळून बत्तीस हजारांवर शब्द आहेत. शब्द रोमन अक्षरांत लिहून रोमन क्रमाने लावलेले आहेत. मात्र केवळ शब्दापुढे शब्द अशी ती यादी नाही. हा शब्द राजधानी क्योतोकडचा, हा क्यूशूकडचा, हा कवितेतला, हा बौद्ध ग्रंथांतला, हा बायकांच्या बोलण्यातला, हा हलका, अशा खुणा जागोजाग केलेल्या आहेत. दाइनिचीच्या प्रकरणातून ही मंडळी शहाणी झाली होती असे आम्हाला म्हणावेसे वाटते.

याच काळात इकडे साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री मराठी शिकत होता. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. देवनागरी खिळे पाडावेत असे त्याच्या मनात होते. परंतु रोमनला दोन डझन साचे पुरतात आणि आपल्या जोडाक्षरांसह देवनागरीला ते शेकड्यांनी लागतात, या अडचणीपुढे इलाज चालला नाही. अनंत काकबा प्रियोळकरांनी हिंदुस्थानातील मुद्रणाच्या इतिहासावरील १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या आरंभकाळाचा साक्षेपाने शोध घेतला आहे. नागासाकीचा कोश आणि राशोलचे पुराण ही एकाच व्यवहाराची दोन अपत्ये आहेत : परक्याने आपली भाषा शिकावी, पण आपल्या लिपीवाचून.

आता क्रमाकडे वळतो. या विषयात आमचे मन सर्वांत अधिक रमले आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

कोश म्हटला की अकारापासून ज्ञापर्यंत अशी रांग डोळ्यांपुढे येते. परंतु ही सवय अलीकडची आहे. आपला अमरकोश स्वर्गवर्गापासून आरंभ करतो आणि शब्द विषयवार लावतो, तोही पद्यात, पाठ करण्यासाठी. जपानात दहाव्या शतकात मिनामोतो नो शितागो याने केलेला कोशही असाच विषयवार आहे. पुढे जपान्यांनी ‘इरोहा’ नावाचा क्रम घेतला. इरोहा ही एक जुनी कविता. तिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येते, असे तिचे वैशिष्ट्य. सर्व काही अनित्य आहे असा बौद्ध आशय तिच्यात आहे. मुलाला कविता पाठ असली की अक्षरे पाठ झाली आणि क्रमही पाठ झाला. शेकडो वर्षे कोशांपासून दुकानातल्या चिठ्ठ्यांपर्यंत सारे काही इरोहाच्या क्रमाने चालत असे.

परंतु त्याच देशात दुसराही एक क्रम होता आणि तो पंडितांच्या वर्तुळात राहिला होता. त्याला ‘पन्नास ध्वनी’ म्हणतात. त्यातले स्वर म्हणून पाहावेत : आ, इ, उ, ए, ओ. नंतर ओळी : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी शाळेत दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला हा क्रम ऐकताच ओळखीचा वाटेल आणि तो ओळखीचा आहेच. बौद्ध मंत्र शुद्ध उच्चारता यावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकत. बोधिसेन नावाचा हिंदी भिक्षू इसवी सन ७३६ मध्ये जपानास गेला होता आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. पुढे कूकाई हा आचार्य ८०६ साली चीनमधून सिद्धमची विद्या घेऊन परतला. या अभ्यासातून, आपल्या भाषेचे ध्वनी संस्कृतच्या वर्गांप्रमाणे लावून पाहण्याची कल्पना तेथे रुजली. पन्नास ध्वनींचे जुन्यात जुने तक्ते अकराव्या शतकातले आहेत.

यावर एखादा चिकित्सक विद्यार्थी दोन आक्षेप घेईल, आणि आमच्यापुढे ते घेतले गेले आहेत. क-वर्गानंतर आपल्याकडे च-वर्ग येतो. त्यांच्याकडे ‘सा’ कसा? आणि न नंतर प-वर्ग यावयाचा. तेथे ‘हा’ कोठून आला? दुसऱ्याचे उत्तर तर फार सुंदर आहे. आजचा जपानी ‘हा’ हा प्राचीन काळी ‘पा’ होता. मध्यंतरी तो ओठांतून निघणाऱ्या ‘फा’सारखा झाला. नागासाकीच्या कोशात फूल या अर्थाचा आजचा ‘हाना’ हा शब्द ‘फाना’ असा लिहिलेला आहे. म्हणजे तक्ता बनला तेव्हा ‘हा’ प-वर्गाच्या जागी अगदी योग्य बसला होता. तक्ता हलला नाही, उच्चार मात्र हलला. ‘सा’चेही तसेच, एके काळी तो ‘च’च्या जवळचा होता, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. वर्णमालेचा तक्ता हा असा ध्वनींचा ताम्रपट होऊन बसतो.

हा पंडिती क्रम सामान्य वाचकांच्या कोशात कोणी आणला? ओत्सुकि फुमिहिको या गृहस्थाने. जपानच्या शिक्षण खात्याने १८७५ साली त्याच्याकडे कोशाचे काम सोपविले. १८८६ साली हस्तलिखित पुरे झाले, पण ते खात्यात पडून राहिले, आणि अखेर स्वखर्चाने छापावे या बोलीवर त्याला परत मिळाले. १८८९ ते १८९१ या काळात चार भागांत ‘गेंकाई’, म्हणजे शब्दसागर, प्रसिद्ध झाला. छपाई चालू असतानाच ओत्सुकीची तान्ही मुलगी आणि पाठोपाठ पत्नी वारली; तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ‘गेंकाई’त शब्द पन्नास ध्वनींच्या क्रमाने लावले होते. त्या काळचे थोर विचारवंत फुकुझावा युकिचि यांना ग्रंथ दाखविला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. करमणुकीच्या थिएटरात जोडे ठेवण्याचे बिल्लेसुद्धा इरोहाने लावलेले असताना हे चालणार कसे, असे ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. फुकुझावांसारखा सुधारक येथे सनातनी ठरावा याची मौज वाटते. आज जपानातील शब्दकोश पन्नास ध्वनींच्याच क्रमाने चालतात.

म्हणजे जपानी कोशाची दारे ज्या क्रमाने लागतात, तो क्रम मूळ आपल्या पाटीवरचा आहे. असे असता मुलुंडच्या मुलाला जपानी शब्द शोधण्यासाठी आधी तो रोमन अक्षरांत लिहावा लागतो, नंतर इंग्रजी अर्थ वाचावा लागतो, आणि मग त्या इंग्रजीचे मनात मराठी करावे लागते. आमची तक्रार एवढीच होती, आणि त्या तक्रारीतून हे काम निघाले.

येथे थोडे मागे जाऊन हा इंग्रजी वळसा कसा पडला ते पाहिले पाहिजे. गेल्या दोन शतकांत आशियाई भाषांचे थोर द्विभाषिक कोश झाले ते बहुधा इंग्रजी जाणणाऱ्यांच्या सोयीसाठी. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. तो कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी यावी म्हणून सरकारने करविला. कॅन्डी बंधूंचे साह्य होते हे खरे. तथापि शब्द गोळा करणारे, त्यांची छाननी करणारे लोक म्हणजे जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंततात्या गोडबोले आदी शास्त्रीमंडळी. त्यांचा स्वतंत्र मराठी-मराठी कोश १८२९ सालीच निघाला होता. जपानात असेच काम जेम्स हेपबर्न या अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्याने केले. त्याच्याकडे डोळ्यांच्या उपचारासाठी आलेला किशिदा गिंको हा तरुण त्याचा साहाय्यक झाला. जपानात छपाईची सोय नव्हती म्हणून तो हेपबर्नबरोबर शांघायला गेला. १८६७ साली तो जपानी-इंग्रजी कोश तेथे छापून झाला. त्याच्या १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तीतील रोमन लेखनपद्धती आज जगभर हेपबर्नच्या नावाने चालते. किशिदाचे नाव आणि आपल्या शास्त्र्यांची नावे कोशाच्या पाठीवर नाहीत, हा तेव्हाचा शिरस्ता होता.

पुढची मजल ऑस्ट्रेलियात मारली गेली. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील जिम ब्रीन यांनी १९९१ साली ‘ईडिक्ट’ नावाची एक साधी यादी सिद्ध केली. एका ओळीत आधी चिनी अक्षरांतला शब्द, मग कंसात त्याचा उच्चार, मग तिरप्या रेघांच्या मध्ये इंग्रजी अर्थ. एवढेच. कोणीही ती घ्यावी, तिच्यात भर घालावी, असा तिचा रिवाज. जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यात भर घातली, १९९९ साली तिचे अधिक व्यवस्थित रूप ‘जेएमडिक्ट’ निघाले, आणि आज तिच्यात पावणेदोन लाखांहून अधिक शब्द आहेत. जपानी शिकणाऱ्यांची बरीचशी ॲप्स याच साठ्यावर उभी आहेत. त्यात इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, हंगेरियन अर्थांचीही सोय आहे. मराठीचा रकाना नाही. याबद्दल ब्रीन यांना दोष देता येणार नाही. जर्मन रकाना जर्मन जाणणाऱ्यांनी भरला, मराठी रकाना भरण्याचे काम कोणाचे हे उघड आहे.

आम्ही तो भरावयास बसलो आणि पहिल्याच महिन्यात अंजिरोची चूक केली. प्रकार असा झाला. एवढे शब्द हाताने कोण करणार, म्हणून आम्ही इंग्रजी अर्थांचा रकाना यंत्राकडून मराठीत करून घेतला. मग सहज भाताशी संबंधित शब्द काढून पाहिले. ‘कोमे’ : तांदूळ. ‘गोहान’ : तांदूळ. ‘इने’ : तांदूळ वनस्पती. ‘मोमि’ : न सोललेला तांदूळ. आमच्यापैकी एकाचे आजोळ पेणकडचे. तो हे वाचून पोट धरून हसला आणि मग गप्प झाला. ज्या भाषेत शेतात उभे असते ते भात, झोडपून घरी आणतात ती साळ, सडून पाटीत येतो तो तांदूळ आणि पानात वाढतात तो पुन्हा भात, तिला या चार जपानी शब्दांसाठी विशेषणे लावण्याची गरज नव्हती. इंग्रजीचा दोष नाही. इंग्लंडात भात पिकत नाही, म्हणून त्या भाषेने एका शब्दावर भागविले. पण दोन भातखाऊ भाषांनी एकमेकींशी बोलताना गव्हाच्या देशातून जावयाचे, हे काही खरे नव्हे. तो सगळा रकाना आम्ही पुसून टाकला.

नात्यांचे शब्द त्याच वेळी हाती घेतले. ‘आनि’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘ओतो–तो’ म्हणजे धाकटा. ‘आने’ थोरली बहीण, ‘इमो–तो’ धाकटी. हे दादा-ताईंच्या घरात वाढलेल्याला सांगावेही लागत नाही. येथे मराठीची सरशी झाली असे वाटून आम्ही पुढे गेलो तो ‘ओजि’पाशी अडलो. ‘ओजि’ म्हणजे काकाही, मामाही, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमानही. आईकडचा की बापाकडचा, हे जपानी विचारीत नाही; तो आईबापांहून वडील की धाकटा एवढेच ती विचारते, आणि तेही उच्चारात नव्हे, लिहिताना. वडील असेल तर एक चिनी अक्षर, धाकटा असेल तर दुसरे. तेव्हा आम्हाला चार शब्द देऊन वर एक ओळ स्पष्टीकरणाची द्यावी लागली. मोबाइलच्या अरुंद पाटीवर ती बसत नव्हती, म्हणून अक्षर लहान केले. ते उभ्याने वाचता येईना, म्हणून पुन्हा मोठे केले आणि स्पष्टीकरण खालच्या पानावर ढकलले. साधे ॲप करणे म्हणजे काय करणे, हे अशा वेळी कळते.

उच्चाराच्या बाबतीत मात्र आमचा उत्साह बराचसा सार्थ ठरला. जपानी ‘ता’ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी चालते. इंग्रजी पुस्तके हा अपवाद म्हणून सांगतात, आणि हिंदी शिकवणाऱ्यालाही ‘त्सु’ समजावून द्यावा लागतो. मराठी माणसाने ‘चिंच’ म्हणावे आणि मग ‘चूल’ म्हणावे. पहिल्यातला ‘च’ तालूचा, दुसऱ्यातला दातांचा. ‘चूल’मधला ‘चू’ जरा आखूड केला की जपानी ‘त्सु’ झाला. ‘जीभ’ आणि ‘जुना’ यांतल्या ‘ज’चेही असेच. हे आपण लहानपणापासून बोलत आलो, पण एकाच अक्षराने लिहीत असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता नसतो. दुसरे उदाहरण अनुस्वाराचे. जपानीत एक नासिक्य अक्षर आहे. ते प-बच्या आधी ‘म्’, त-दच्या आधी ‘न्’, क-गच्या आधी ‘ङ्’ होते. ‘संप’, ‘संत’, ‘संकट’ यांवरचे टिंब हेच करते. ‘शिंबुन’ म्हणजे वर्तमानपत्र आणि ‘तेंकि’ म्हणजे हवामान, हे शब्द मराठी मुलाने टिंब देऊन वाचले की बिनचूक उतरतात.

परंतु देवनागरी सर्वच ठिकाणी कामास येते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जपानीत आखूड ‘आ’ आणि लांब ‘आ’ असे दोन वेगळे आहेत. आपल्या ‘अ’ आणि ‘आ’ यांचा आवाजच वेगळा, म्हणून ती जोडी येथे उपयोगी पडत नाही. ए आणि ओ यांना तर आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ भेदच नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, आणि मधला ‘आ’ लांबला की आजी. आमच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही एकाच तऱ्हेने छापलेले होते. आमच्याच वर्गातल्या एका मुलीने वर्गास भेट द्यायला आलेल्या पन्नाशीच्या जपानी पाहुणीला सर्वांदेखत आजी केले. पाहुणी हसली, पण आम्ही त्या रात्री बसून लांब स्वरानंतर आडवी रेघ देण्याचे ठरविले. ही रेघ जपानी लोक स्वतःही परक्या शब्दांत वापरतात, तेव्हा ती उसनी घेण्यात कमीपणा वाटला नाही.

शब्दाचे मूळ रूप शोधण्याचा प्रश्नही दोन्ही भाषांचा सारखाच आहे. परक्याला मराठीत ‘गेला’ भेटतो आणि कोशात शोधावे लागते ‘जाणे’. तसेच जपानीत ‘ताबेमाशिता’, म्हणजे खाल्ले, असे भेटते आणि कोशात ‘ताबेरु’ असते. छापील कोशात हे ओझे विद्यार्थ्यावर टाकणे भाग होते. यंत्राला मात्र शेपटी ओळखून मूळ शब्द काढण्याचे नियम शिकविता येतात. बाकी यंत्राचे शोधणे म्हणजे जुनाच क्रम. सगळे शब्द पन्नास ध्वनींच्या रांगेत असले की यंत्र मधले पान उघडते, हवा तो शब्द आधी की नंतर ते पाहते आणि निम्मा कोश बाजूला सारते. दोन लाख शब्दांत असे अठरा वेळा केले की हवी ती ओळ मिळते. यासाठी इंटरनेट लागत नाही, हे कुर्ल्याच्या पुढे गर्दीत सिग्नल गेलेल्या माणसाला विशेष महत्त्वाचे. चिनी अक्षरांचे दुखणे वेगळे आहे. २०१० सालच्या जपानी सरकारी यादीत ती २१३६ आहेत, आणि उच्चार ठाऊक नसलेले अक्षर कोणत्याही वर्णमालेने सापडत नाही. १७१६ सालच्या चिनी खांग्शी कोशाने २१४ मूलांगांखाली अक्षरे लावली, आणि आम्हीही अक्षराचे तुकडे बोटाने निवडण्याची तीच वाट पुढे चालविली.

हे सारे देवनागरीत मोबाइलवर दिसते, यामागे याच उपनगरांत झालेले काम आहे, ते येथे सांगितले पाहिजे. पवईच्या आयआयटीत शिकविणारे आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करणारे रघुनाथ कृष्ण जोशी यांनी विंडोजमधल्या ‘मंगल’ या देवनागरी अक्षराचे वळण घडविले. स्टीफन्सला जी शेकडो साच्यांची अडचण चारशे वर्षांपूर्वी नडली, ती या पिढीने सोडविली. पवईसच पुष्पक भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी आणि मराठी शब्दजाल उभारले. त्यात शब्द एकेकटे नसून समान अर्थाच्या गटांत गुंफलेले आहेत. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोशही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. साहित्य नाही असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. सवड काढून बसणारी माणसे हवीत, आणि ती दर रविवारी चार तरी जमतात.

आम्ही तीन हजार शब्द ठरविले होते. पावणेदोन लाखांतून तीन हजार निवडणे हे अर्थ लिहिण्याहून अवघड गेले, कारण प्रत्येकाला आपला शब्द हवा असतो. सीप्झवाल्याला यंत्रांची नावे हवीत, रुग्णालयात सेवेसाठी जाणारीला शरीराच्या अवयवांची. एका निवृत्त गृहस्थांना हायकू वाचावयाचे आहेत, म्हणून त्यांनी किड्यांची व पावसाची नावे आग्रहाने घालविली. ती आम्ही ठेवली. पावसाच्या शब्दांना मराठीत प्रतिशब्द शोधताना भुरभूर, रिपरिप, झड, सर, वळीव असे शब्द निघत गेले आणि तो रविवार कसा सरला ते कळले नाही.

सध्या ‘ना’ची ओळ संपून ‘हा’च्या ओळीस हात घातला आहे. ‘दा’ हा त्यांच्या क्रमात ‘ता’बरोबरच येतो, तेव्हा ‘दाइनिचि’ मागेच होऊन गेला. तीन हजारांत त्याची जागा नव्हती, पण तो गाळावा असे कोणाच्याही मनात आले नाही. त्यापुढे आम्ही लिहिले आहे : महावैरोचन बुद्ध; शिंगोन पंथाची मुख्य देवता. आणि खाली लहान अक्षरात : नुसत्या ‘देव’ या अर्थी वापरू नये.